पाऊस थांबायची वाट बघू नका: ठाण्याहून बर्गनला मुलं घेऊन जाताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही मानपाड्याला राहता, मिस्टरांना नॉर्वेत बर्गनला नोकरी लागलीये, ऑगस्टमध्ये निघायचं आहे, मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा. सासूबाई रोज म्हणतायत की तिकडे बारा महिने पाऊस, त्यात डोंगराळ भाग, पोरं सारखी आजारी पडतील. तर तिथे रोजचं आयुष्य नक्की कसं असतं आणि इथून काय तयारी करून जायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी बर्गनला ११ वर्षं एका बालवाडीत काम केलंय. तिथे तिला बार्नेहागे म्हणतात, वर्षाच्या बाळापासून शाळेत जायच्या वयापर्यंतची मुलं असतात. भारतातून, पोलंडहून, सिरियाहून आलेली कितीतरी घरं अगदी पहिल्या दिवसापासून बघितली, कोण लवकर रुळलं कोणाला जड गेलं ते डोळ्यांसमोर आहे. आता परत नौपाड्यात राहते आणि तिकडे निघालेल्या आयांशी बोलणं चालूच असतं. एवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट पक्की दिसली. जी घरं पाऊस उघडायची वाट बघत खिडकीत बसली त्यांचं पहिलं वर्ष फार कठीण गेलं, आणि जी पहिल्याच आठवड्यात पावसात बाहेर पडली ती रुळली. इंग्रजी किती येतं, पगार किती, घर कसं मिळालं, याने फरक पडतो पण इतका नाही.

आता पावसाचंच बघा. बर्गनला वर्षाला साधारण सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ऐकून छाती दडपते ना, पण आपल्या ठाण्यातही वर्षाला जवळपास तेवढाच पडतो. फरक एवढाच की आपला सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळून मोकळा होतो आणि त्यांचा बारा महिन्यांत वाटलेला असतो. कारणही आपल्यासारखंच आहे, आपल्याकडे अरबी समुद्रावरचा वारा सह्याद्रीला अडतो, तिकडे अटलांटिकवरची ओली हवा पश्चिम किनाऱ्याच्या डोंगरांना अडते आणि शहर तर सात डोंगरांच्या मध्येच वसलंय. त्यामुळे धो धो असा पाऊस कमीच, बारीक, रिपरिप, तिरका, मध्येच अर्धा तास ऊन, परत रिपरिप असं चालतं. २००६ च्या ऑक्टोबरच्या शेवटापासून २००७ च्या जानेवारीपर्यंत तिथे सलग ८५ दिवस रोज पाऊस पडला होता, आणि त्या ८५ दिवसांत शाळा, बस, खेळाची मैदानं, सगळं रोजच्यासारखं चालू होतं. "आज फार पाऊस आहे, नको जाऊया" हे वाक्य तिथे कोणी बोलत नाही, कारण बोललं तर वर्षातले दोनशेहून जास्त दिवस घरातच काढावे लागतील.

सासूबाईंची भीती मला खरंच कळते आणि तिला वेडगळ म्हणू नका. इथे आपण पोरांना साचलेल्या पाण्यात जाऊ देत नाही ते बरोबरच आहे, आपल्याकडे त्या पाण्यात लेप्टो असतो, पावसाळ्यात डेंग्यू मलेरिया असतो, गटार कुठे उघडं आहे ते दिसत नाही. आजीने आयुष्यभर जे बघितलं त्यावरून ती बोलते. तिकडच्या डबक्यात हे काही नाही. सर्दी तिथेही होते, पहिल्या वर्षी तर भरपूर होते, पण ती पावसाने होत नाही, बंद खोलीत दहा पोरं एकमेकांना देतात म्हणून होते. बाहेर असताना उलट कमी होते. धोका आहे तो ओलं होऊन तसंच गार बसून राहण्याचा, आणि त्यावर उपाय कपडे. म्हणून कपड्यांबद्दल जरा जास्त लिहिते, इथेच सगळ्यांचं चुकतं.

अंगाला लागून लोकर, सुती नाही. आपल्याकडे मऊ सुती बनियन घालून त्यावर स्वेटर घालायची सवय असते, पण सुती कपडा ओला किंवा घामेजला की अंगाला चिकटून गार पडतो, आणि लोकर ओली झाली तरी ऊब धरते. तिथे मेरिनो लोकरीचे पातळ, अजिबात न टोचणारे सेट मिळतात, पूर्ण बाह्या आणि लांब पँट. त्यावर हवा असेल तर फ्लीस किंवा जाड लोकर, आणि सगळ्यात वर रेग्नतोय, म्हणजे पावसाचा सूट. खाली खांद्यावर पट्टे असलेली डांगरीसारखी पँट आणि वर जॅकेट.

आता एक बारीक गोष्ट. डांगरीच्या पायाला खाली इलास्टिकची पट्टी असते, ती गमबुटाच्या तळव्याखालून घ्यायची आणि पँट बुटाच्या बाहेरून ठेवायची. भारतातून आलेली जवळजवळ प्रत्येक आई पहिल्या दिवशी पँट बुटात खोचून मूल पाठवते, आपल्याला तेच नीट दिसतं म्हणून. मग पोरगं घसरगुंडीवरून खाली आलं, डबक्यात बसलं, की सगळं पाणी पँटवरून ओघळून थेट बुटात. अर्ध्या तासात मोजे पिळून निघतात आणि मूल रडायला लागतं, आणि आईला वाटतं पाहिलं, म्हटलं होतं ना पाऊस सोसत नाही. पाऊस सोसत असतो, पँट चुकीच्या बाजूला असते. दुसरं म्हणजे मफलर देऊ नका. खेळताना कुठेतरी अडकून गळ्याला फास बसू शकतो म्हणून बालवाडीत मफलर आणि लोंबत्या दोऱ्या चालत नाहीत, त्याऐवजी गळ्यात घालायची लोकरीची गोल पट्टी आणि कानटोपी. आणि छत्रीचा विचार सोडून द्या, वारा असा येतो की पहिल्याच कोपऱ्यावर उलटी होते, मोठ्यांनीही रेनकोटच घ्यायचा.

हे सगळं ठाण्यात घेऊ नका. लोक गोखले रोडवर फिरून जाड जाड जॅकेटं घेतात, बॅग भरून जाते आणि तिथे ती वापरता येत नाहीत, कारण बर्गनला कडाक्याची थंडी नसते. जानेवारीतही सरासरी शून्याच्या थोडी वरच असते, म्हणजे थंडीपेक्षा ओल जास्त. जाड जॅकेट भिजून जड होतं. तिथे गेल्यावर जुन्या कपड्यांच्या दुकानांतून आणि शेजाऱ्यांकडून मुलांचे पावसाचे सूट फार चांगल्या स्थितीत मिळतात, मुलं वर्षात वाढतात म्हणून सगळेच विकतात, घ्यायला अजिबात संकोच नको.

माझ्या वर्गातल्या एका घराचं सांगते, कल्याणचे होते. मुलगा तीन वर्षांचा. सप्टेंबरमध्ये आला, आणि ऑक्टोबर लागल्यावर पाऊस असेल त्या दिवशी आई त्याला घरी ठेवायची. म्हणजे आठवड्यातून तीन-चार दिवस. फोन केला की म्हणायची, आज फार आहे ओ, उद्या पाठवते. यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, ती घाबरलेली होती आणि एकटी होती. पण झालं असं की मुलाला भाषा येईना, बाकीच्यांचे खेळ रोज पुढे जात होते आणि हा आला की कडेला उभा. मी तिला म्हटलं, तू एक आठवडा त्याच्यासोबत आमच्याबरोबर बाहेर थांब, तुलाही सूट देते. ती आली. पहिल्या दिवशी तो मैदानातल्या डबक्याच्या काठावर उभा राहून तिच्याकडे बघत होता, जाऊ का म्हणून. ती काहीच बोलली नाही, नुसती स्वतः पाण्यात जाऊन उभी राहिली, घोट्याएवढ्या पाण्यात. तो जो गेला तो जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आला नाही. डिसेंबरमध्ये तो नॉर्वेजियनमध्ये भांडायला लागला, आणि बालवाडीत मूल भांडायला लागलं की आम्ही समजतो की आता ते इथलं झालं.

तुमच्या दीड वर्षाच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर धक्का बसेल. दुपारची झोप तिथे बाळं बाहेर घेतात. बाबागाडीत लोकरीचे कपडे, उबदार पिशवी, वर पावसाचं आवरण, आणि गाड्या छपराखाली ओळीने लावलेल्या, आम्ही सारखं जाऊन बघायचो. मला पहिल्यांदा बघून पोटात गोळा आला होता. पण बाळं इतकी शांत आणि लांब झोपतात की काही दिवसांत आया स्वतःहून सुट्टीच्या दिवशी घरी तसंच करायला लागतात. नको वाटत असेल तर सांगा, आत झोपवतात, कोणी जबरदस्ती करत नाही. सुरुवातीचे काही दिवस, बहुतेक ठिकाणी तीन, आई किंवा बाबांनी बालवाडीत मुलासोबत थांबायचं असतं, मिस्टरांना ऑफिसात आधीच सांगून ठेवायला सांगा. तुमच्या मुलीचं मात्र बघावं लागेल, तिथे ज्या वर्षी मूल सहा वर्षांचं होतं त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिलीत जातं, म्हणजे जन्मवर्षावर आहे, महिन्यावर नाही. पहिलीत गेली तरी घाबरू नका, मार्क सातवीपर्यंत देतच नाहीत.

पावसापेक्षा जड काय जातं विचाराल तर अंधार. डिसेंबरात सूर्य पावणेदहाच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनला मावळतो, आणि डोंगराच्या सावलीतलं घर असेल तर तेवढाही दिसत नाही, काही गल्ल्यांत कित्येक आठवडे थेट ऊन येतच नाही. म्हणून घर बघताना भाडं आणि स्टेशनच्या आधी हे विचारा की हिवाळ्यात ऊन येतं का, दक्षिणेकडे उघडं आहे का. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि माझी पहिली दोन वर्षं डोंगराच्या चुकीच्या बाजूला गेली, नोव्हेंबर आला की सकाळी उठावंसंच वाटायचं नाही, सारखी झोप, विनाकारण रडू. मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय. नंतर कळलं की शेजारणीलाही तसंच होतं, तिने फक्त त्यावरचे उपाय लहानपणापासून शिकलेले होते. दुपारी उजेड आहे तेवढ्यात रोज अर्धा तास बाहेर, पाऊस असो नसो. घरात कोपऱ्याकोपऱ्यात पिवळे दिवे, सकाळी नाश्त्याला मेणबत्ती. आणि व्हिटॅमिन डी. एवढ्या उत्तरेला साधारण ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ते मिळतच नाही आणि आपल्या सावळ्या कातडीला तर आणखी कमी मिळतं. तिथले लोक ज्या महिन्याच्या नावात र येतो त्या सगळ्या महिन्यांत कॉड माशाचं तेल घेतात, सप्टेंबर ते एप्रिल. तुम्ही शाकाहारी असाल तर थेंब मिळतात, बाळाला किती द्यायचे ते तिथल्या बालआरोग्य केंद्रात, हेल्सेस्ताशूनमध्ये, नर्सला विचारा, तीच वजन-लसीकरणही बघते, म्हणून इथलं लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. जूनमध्ये बरोबर उलटं, रात्री अकरापर्यंत उजेड, मुलं झोपायला तयार नाहीत, तेव्हा जाड काळे पडदे लागतात.

अंधारात चालताना कपड्यांवर आणि दप्तराला चमकणाऱ्या पट्ट्या, रेफ्लेक्स, लावायच्या, मुलांना सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळेला. हे खरंच मनावर घ्या.

आता घर आणि स्वयंपाक. तिथली घरं आतून उबदार, बहुतेक विजेवर तापवलेली, आणि बाथरूमची फरशी गरम असते, तीच तुमची सगळ्यात कामाची जागा. संध्याकाळी ओले बूट, हातमोजे तिथे पसरायचे, बुटात वर्तमानपत्र कोंबायचं, सकाळी कोरडे. पण धुतलेले कपडे दारं-खिडक्या बंद करून खोलीत वाळत घातले तर भिंतीला बुरशी धरते, आपल्या पावसाळ्यात कपाटात धरते तशीच, म्हणून रोज दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची. थंडी आत येते, येऊ दे. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, एक तर धुराचा अलार्म वाजतो आणि दुसरं म्हणजे लोकर फोडणीचा वास फार लवकर पकडते आणि सोडत नाही. मुलांचे बाहेरचे कपडे दाराजवळ, स्वयंपाकघरापासून लांब.

इथून न्यायचं तर कुकर न्या, पण इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा, पोळ्यांचा तवाही तसाच. मिक्सर नेला तर चालतो, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त पिन बदलावी लागते. गोडा मसाला, आमसुलं, भाजणी, मेतकूट न्या. तूप आणि पेढे मात्र नेऊ नका, युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात आणि आईने कढवलेलं तूप डोळ्यांदेखत टाकून देताना फार वाईट वाटतं. तिथे बिनमिठाचं लोणी मिळतं, त्याचं तूप उत्तम होतं. मासे खात असाल तर चांदीच, तिथला मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंदच, आमसूल घालून तिखलं करा.

मुलांचा डबा हा एक वेगळाच विषय. तिथे दुपारचा डबा गार असतो, पावाचा तुकडा, त्यावर चीज, कलिंगडाची किंवा काकडीची फोड, बस. तुम्ही गरम भाजी-पोळीचा हट्ट धरू नका आणि आपलं सोडूही नका. पोळीला तूप लावून आत बटाट्याची सुकी भाजी किंवा चीज घालून गुंडाळी द्या, मूल हाताने खातं आणि कोणी काही म्हणत नाही. शेंगदाण्याचं कूट, चिक्की वगैरे मात्र आधी विचारल्याशिवाय नको, वर्गात कोणाला ॲलर्जी असू शकते. चार-साडेचारला मुलांना घेऊन आलात की तिथलं मुख्य जेवण पाचला होतं. आपलं रात्री नऊचं जेवण तिथे ठेवलंत तर मुलं सकाळी उठणार नाहीत. ठाण्याला फोन करायचा तो हिवाळ्यात दुपारी तीनच्या आसपास, तेव्हा इथे साडेसात वाजलेले असतात, आजी-आजोबा जेवायच्या आधी निवांत असतात.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहायलाच हवी कारण भारतातल्या घरांना ती नीट कोणी सांगत नाही. नॉर्वेत मुलाला मारणं १९८७ पासून कायद्याने बंद आहे, आणि त्यात आपला धपाटा, कान पिळणं, "एक ठेवून देईन" सगळं आलं. बालवाडीतल्या आणि शाळेतल्या माणसाला मुलाबद्दल गंभीर काळजी वाटली तर बालकल्याण खात्याला कळवणं हे त्याचं बंधनकारक काम असतं, माझंही होतं. हे ऐकून घाबरून गप्प बसू नका, तेच सगळ्यात वाईट. हाताने भरवणं, मुलांना जवळ घेऊन झोपणं, कपाळाला काजळ, हे आपलं असं आहे म्हणून तुम्हीच पहिल्या भेटीत मोकळेपणाने सांगा. ज्या आया माझ्याशी रोज दारात दोन मिनिटं बोलायच्या त्यांच्या घरच्या पद्धतींबद्दल आमच्या मनात कधी प्रश्नच आला नाही.

आणि तुम्ही स्वतः. मिस्टर ऑफिसात, मुलं बालवाडीत, आणि तुम्ही घरात एकट्या, हे चित्र मी खूपदा बघितलं. सुरुवातीला धाकट्याला जागा मिळेपर्यंत ओपन बार्नेहागे नावाच्या जागा असतात, तिथे आईने बाळाला घेऊन जायचं, बसायचं, कॉफी घ्यायची, बाकीच्या आया भेटतात. लायब्ररीत जा. रविवारी दुकानं बहुतेक बंद असतात आणि सगळं शहर डोंगरावर जातं, त्याला तूर म्हणतात, तुम्हीही जा. फ्लोयेन हा शहराला लागून असलेला डोंगर, येऊरला जितक्या सहज जातो तितक्या सहज जाता येतं, १९१८ पासून त्यावर दोरीने ओढली जाणारी ट्रेन आहे, ती ३२० मीटरपर्यंत नेते आणि वर मुलांना खेळायची जागा आहे. वर जाताना ट्रेनने जा, खाली चालत या. ओले कठडे, खाली सगळं बंदर, आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस "हाय" म्हणतो. खाली शहरात तीच माणसं बसमध्ये शेजारी बसली तरी बोलत नाहीत, याचं वाईट वाटून घेऊ नका.

सासूबाईंना बोलवायचं असेल तर मे महिन्यात बोलवा, तेव्हा तिथे पाऊस सगळ्यात कमी असतो, आणि १७ मेला त्यांचा राष्ट्रीय दिवस, रस्तोरस्ती मुलांच्या मिरवणुका निघतात, नातीला झेंडा घेऊन चालताना बघितलं की त्यांची निम्मी काळजी जाईल. नोव्हेंबरात पहिल्यांदा बोलवू नका.

आता पाऊस चालूच आहे तर निघायच्या आधी दोघांना रोज थोडं बाहेर न्या, तलावपाळीला एक फेरी, उपवनला एक फेरी, साचलेल्या पाण्यात नाही पण पावसात, रेनकोट घालून, परत आल्यावर लगेच कोरडं करून. मुलीला स्वतःचा रेनकोट स्वतः घालायला, बूट स्वतः चढवायला शिकवा, कितीही वेळ लागू दे, तिथे सगळी मुलं स्वतःच घालतात आणि जिला येत नाही तिला उगाच लाज वाटते. पहिल्या दिवशी बालवाडीत द्यायच्या पिशवीत लोकरीचे दोन सेट, चार जोड मोजे, दोन जोड हातमोजे ठेवा, आणि प्रत्येकावर धुण्यात न जाणाऱ्या पेनने नाव लिहा, मोज्यांवरसुद्धा, कारण वाळवायच्या कपाटात वीस मुलांचे मोजे एकत्र लटकतात आणि सगळे निळेच असतात.